पंचशील ऐकलेले मासे

निवृत्तीनं न्हाणीतला हौद माशांना देऊन टाकला, तेव्हापासून घरातली माणसं परसात गोणपाटाच्या आडोशाला बादलीनं अंघोळ करू लागली. त्याच्या बायकोला, येसूबाईला, हे पसंत नव्हतं. पण या घरात गोष्टी आधी होत आणि तिला विचारणं मागाहून होई.

"माशाला हौद आन माणसाला गोणपाट," ती म्हणाली. "उद्या त्यांला साबणाची वडी पण आणा."

"साबण चालत न्हाई त्यांला," निवृत्ती म्हणाला. "साबणानं मरत्यात. म्हणून तर तुला भाईर काढली."

या सगळ्याला निवृत्तीची जीभ कारण होती. त्यांची एकुलती एक लेक चंपा पवनानगरला दिली होती. धरण भरून थोडीच वर्षं झाली होती आणि तिच्या सासरची माणसं शेती सांभाळून धरणात जाळी टाकत. चंपाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून निवृत्ती तिला आणायची बोलणी करायला गेला. पण तिची सासू नंदाबाई सुनेला सोडायला तयार होईना. नंदाबाईला मुलगी नव्हती. चंपाच्या पायाला ठेच लागली तरी ती दगडाला शिव्या घालत बसायची.

"पोरीला माशाचे डोहाळे लागल्यात," नंदाबाई म्हणाली. "हितं रोज धरणाचा ताजा मासा हाय. तुमच्याकडं ऐन उन्हाळ्यात काय देणार? सुका बोंबील?"

निवृत्तीला ते लागलं. तो लोणावळ्याला एका बंगल्यावर पाण्याचा पंप चालवी. तिथं एकदा व्हरांड्यात बसलेला कुणी पाहुणा दुसऱ्याला सांगत होता, की दूर कुठल्या देशात लोक एकाच पाण्यावर मासे पाळतात आणि भाजी पिकवतात. माशांचं पाणी भाजीला घालायचं, भाजीखालून गळालेलं स्वच्छ पाणी परत माशांना. निवृत्तीनं ते ऐकलं होतं आणि विसरूनही गेला होता. नंदाबाईच्या ओट्यावर ते त्याला नेमकं आठवलं.

"आमच्या घरात मासा हाय," तो म्हणाला. "हौदात. वर भाजी, खाली मासा. पोरीनं मागायचा उशीर."

नंदाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मासे निवडून निवडून तिची नजर तशी झाली होती. डोळा ताजा आहे का शिळा, हे ती लांबून सांगे.

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या म्हैन्यात न्या. मग मी येते. तुमच्या घरच्या माशाचं कालवण जेवते आन मग ठरवते, पोरगी ठेवायची का माघारी आणायची."

अशा रीतीनं, नसलेल्या माशांच्या जोरावर, निवृत्ती लेकीचं बाळंतपण जिंकून घरी आला. येसूबाईला त्यानं फक्त अर्धंच सांगितलं. अर्धं ऐकूनच ती रात्री जेवली नाही.

मग कामाला सुरुवात झाली. रस्त्याच्या कामावरचं एक रिकामं डांबराचं पिंप मिळालं. ते उभं चिरून त्याची दोन खोल ताटं केली, ती हौदाच्या काठावर लाकडं टाकून ठेवली, बुडाला भोकं पाडली. ताटात मुरूम भरला आणि वरून पाणी ओतलं. खाली हौदात जे पाणी गळालं ते चहासारखं लाल होतं आणि त्याच्यावर डांबराचे मोराच्या पिसासारखे रंग तरंगत होते.

"लय चांगलं दिसतंय," निवृत्तीचा बाप भिकाजीआबा म्हणाला. "मासे मरतील, पण बघत बघत मरतील."

मार्ग काढला बारकूनं. बारकू डोंगराच्या कडेच्या वाडीतला, निवृत्तीचा जुना सोबती. इंद्रायणीच्या कुठल्या डोहात कुठल्या दगडाखाली काय आहे, हे त्याला घरातल्या भांड्यांसारखं ठाऊक होतं. त्यानं ती ताटं पेंढा घालून जाळली, राखेनं घासली, मुरूम उचलून फेकून दिला आणि नदीतली गुळगुळीत बारीक खडी धुऊन आणली. शेवटी एका मडक्यात ओलं फडकं बांधून तो मासे घेऊन आला. वीतभर लांबीचे, रुपेरी, घाबरलेले.

"निवृत्तीभाऊ, मासा खायाला मागत्यात लोक," तो हौदात मडकं कलतं करत म्हणाला. "पाळायला पयल्यांदाच दिला."

पंप बंगल्यावर होता, घरी नव्हता. तेव्हा हौदातलं पाणी वर चढवायचं काम माणसांवर आलं. डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून निवृत्तीनं झारी केली आणि घराला नियम लावला, की हौदाजवळून जाणाऱ्यानं चार डबे पाणी भाजीवर घालूनच पुढं जायचं. पाहुण्यालाही सूट नव्हती. चहा मागाहून, आधी डबा. शेजारची माणसं त्या बाजूनं यायचीच बंद झाली.

सगळ्यांत नेमानं डबा धरला तो भिकाजीआबांनी. आबा रोज संध्याकाळी अंगणात तसबिरीपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायचे. आता त्यांना वाटलं, बसून म्हणण्यापेक्षा पाणी घालता घालता म्हटली तर दोन्ही होईल. त्यांनी तसबीर हौदाच्या कोनाड्यात आणली. एक ओळ म्हणायची, एक डबा ओतायचा. पंचशील आलं की आवाज चढवायचा. पहिलंच शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. त्या ओळीला आबा डबा हळूच ओतत, पाण्याचा आवाज मधे येऊ नये म्हणून.

आठवड्याभरात मासे आबांच्या आवाजाला वर येऊ लागले. आबांनी वंदना सुरू केली की हौदाच्या त्या कोपऱ्यात तोंडं वर काढून गोळा होत. खरं तर वंदनेनंतर आबा भाताची चार शितं टाकत, म्हणून येत. पण आबांना तसं सांगायची कुणाची छाती नव्हती.

"गावातल्या पोरांपरीस बरे," आबा म्हणत. "यळंवर येत्यात, गप ऐकत्यात."

भाजी मात्र रुसून बसली होती. मेथी पिवळी पडली, टोमॅटोनं मान टाकली. मग एके दिवशी येसूबाईनं चिडून ते सगळं उपटलं आणि मोरीच्या कडेचं अळू आणि पुदिन्याच्या काड्या खडीत खोचल्या. त्यांनी मात्र जे अंग धरलं, की पुदिना पिंपाबाहेर पडून खुंटीवरच्या टॉवेलापर्यंत गेला. अळूची पानं सुपाएवढी झाली. त्या दिवसापासून येसूबाई चारऐवजी सहा डबे घालू लागली.

महिना भरला आणि चंपा आली. पिशवी ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "दादा, मासा कुटंय? जिभेला नुसतं पाणी सुटलंय."

"हौदात हाय. तूच दाव कुठला पायजे त्यो," निवृत्ती ऐटीत म्हणाला.

हीच त्याची चूक झाली. चंपा हौदाच्या काठावर पाट घेऊन बसली आणि निवडू लागली. हा बारीक आहे. हा दमलेला दिसतो. ह्याची शेपटी कुणीतरी कुरतडली आहे, बिचारा. एकाच्या डोक्यावर बरोबर मधोमध तांबूस ठिपका होता. तो तिच्या बोटाला येऊन लागला आणि तिथंच थांबला.

"ही टिकली," चंपा म्हणाली. "हिला न्हाई खायाचं."

दुसऱ्या दिवशी ती शेपूटतुट्यालाही नाव देऊन मोकळी झाली. आठवड्यानं हौदात एकही बिननावाचा मासा उरला नाही. चंपा पुदिन्याची चटणी आणि भाकरी खाई, माशांना आपल्या ताटातला भात देई आणि रात्री झोपताना म्हणे, "आये, माशाचं कालवण खावंसं वाटतंय गं."

"मग एक काढू का?" येसूबाई विचारी.

"ह्यातला नगं."

असं चाललं असतानाच पवनानगरच्या जीपवाल्याबरोबर निरोप आला. नंदाबाई रविवारी येते आहे. जेवायला.

शनिवारी पहाटे निवृत्ती टोपली घेऊन हौदावर गेला. चंपा झोपलेली होती. त्यानं टोपली पाण्यात बुडवली. मासे पळाले नाहीत. उलट नवीन काही खायला आलं असेल म्हणून आपणहून टोपलीत शिरले. टिकली सगळ्यांत पुढं. निवृत्तीनं टोपली उचलली, पाण्यावर आली तेवढ्यात परत सोडली.

"येसू, तू काढ. मला ड्युटीवर जायला उशीर व्हतोय."

"मी अळू लावलं. मासं तुमचं," येसूबाई म्हणाली आणि चुलीकडं तोंड फिरवून बसली.

निवृत्ती आबांकडं गेला. आबा घोंगडीवर उठून बसले होते.

"मला सांगतोस व्हय?" आबा म्हणाले. "म्या रोज ह्यांच्या म्होरं शील घेतो, जीव घेणार न्हाई म्हणून. ह्यांनी ऐकलंय. एकदा न्हाई, रोज. बाजारातल्या माशाचं निराळं, त्याला काय बोललोय आपुन? पण ह्यांच्या म्होरं मी जबान दिलीय. आता कुठल्या तोंडानं सुरी धरू?"

"मग तुमी कालपातूर कालवण खायाला तयार हुता."

"खायाला अजून बी हाय," आबा म्हणाले. "मारायला न्हाई."

निवृत्तीनं वाडीवरून बारकूला बोलावलं. बारकूनं आयुष्यात जेवढे मासे धरले होते तेवढी माणसंही पाहिली नव्हती. तो बाह्या सरसावून हौदाजवळ आला आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. मासे आले आणि त्याच्या बोटांच्या पेरांना तोंड लावून चोखू लागले. बारकू बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला. मग त्यानं हात बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

"न्हाई जमत, भाऊ."

"आरं, तुला न्हाई जमत?"

"पळाला तर धरीन. पळतच न्हाई त्याला कसा धरायचा? ही काय मासळी न्हाई राहिली. पावणे झाल्यात."

नदीवरही काही मिळण्यासारखं नव्हतं. उन्हाळ्यानं डोह गुडघ्याएवढे झाले होते आणि त्यात खेकड्यांशिवाय काही उरलं नव्हतं. राहिला वडगावचा बाजार. निवृत्तीला बंगल्यावर जायचं होतं, तिथं शनिवारी पाहुण्यांनी घर भरायचं. तेव्हा जाणार बारकू.

"मी मासा इकत आणू?" बारकूचा चेहरा पडला. "वाडीला कळलं तर मला नदीवर पाय ठिवून देणार न्हाईत."

"कुणाला कळतंय. तिथं कोण वळखतंय तुला? आन चंपाला कायबी बोलू नगं. तिला म्हणू, बारकूनं नदीतनं आणला."

बारकू गाडीनं वडगावला गेला. बाजारात मासळीच्या टोपल्यांपुढून तो तीनदा नुसताच पुढं गेला आणि तीनदा मागं आला. शेवटी एका जाडजूड, डोईवर पदर घट्ट खोचलेल्या बाईनं त्याला हाक मारली.

"ए भाऊ. घ्यायचा का नुसताच हिंडतुयास?"

बारकू बसला. मासा घेतला असता आणि उठला असता तर काही बिघडलं नसतं. पण आपण मासा विकत घेणारे माणूस नाही, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याचा हात पुढं होईना.

"मावशी, मी सोता मासे धरतो," तो म्हणाला. "माझ्यासाठी न्हाई हे. अडचण झालीया एकाची."

"कसली अडचण?"

बारकूनं सगळं सांगितलं. हौद, पुदिना, आबांचं शील, टिकली, बोटं चोखणारे मासे. बाईचा मासा निवडणारा हात मधेच थांबला.

"आन आता उद्या त्या पोरीची सासू येणार," बारकू म्हणाला. "मासा घरचा न्हाई दिसला तर पोरीला वढून नेणार. लय कडक बाई हाय म्हणं."

"तू बघितलीस का?"

"न्हाई. पण निवृत्तीभाऊ म्हणतो, मगर हाय मगर."

बाईनं मान खाली घातली आणि टोपलीच्या तळातून एक मोठा, तुकतुकीत मासा काढला. त्याच्यावर आणखी एक ठेवला. बारकू पैसे मोजू लागला तेव्हा तिनं एकाचेच घेतले.

"दुसरा पोरीला," ती म्हणाली. "पोटुशी हाय म्हणतोस न्हवं."

"माणसं लय चांगली असत्यात बाजारात," बारकू संध्याकाळी निवृत्तीला मासे देत म्हणाला. "आपुन उगंच भ्यायलो."

रविवारी दुपारी नंदाबाई आली. येसूबाईनं कालवण केलं होतं, घरच्या अळूचं फतफतं केलं होतं, पुदिन्याची चटणी वाटली होती. चंपाला सकाळीच सांगून ठेवलं होतं, की मासा बारकूमामानं नदीवरून आणला आहे. नंदाबाईनं आधी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, मग हौद बघितला. अळूची पानं उलटी करून बघितली. मासे तिच्या सावलीला वर आले, त्यांच्याकडं ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग नियमाप्रमाणं तिच्या हातात डबा आला. तिनं निमूटपणे चार डबे पाणी घातलं. निवृत्ती मनात म्हणाला, निम्मी लढाई झाली.

पंगत बसली. नंदाबाईनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, खाल्ला आणि हळूहळू चावत विचारलं, "मासा हौदातला का, पाव्हणं?"

निवृत्तीनं एकवार चंपाकडं पाहिलं. पण समोर नंदाबाईची ती नजर होती, डोळा ताजा आहे का शिळा ते ओळखणारी.

"हौदातलाच," तो म्हणाला. "सकाळीच काढला."

चंपाचा हात ताटातच थांबला.

"हौदातला?" ती म्हणाली. "दादा, तुमी तर म्हणलात बारकूमामानं आणला."

येसूबाईनं पदर तोंडाशी नेला. आबा कालवणाच्या वाटीत काहीतरी हरवल्यासारखे बघू लागले.

"म्हंजी तसं न्हवं," निवृत्ती म्हणाला. "बारकूनं धरला. पर हौदातला."

"कुठला?"

निवृत्तीनं भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

"दादा, कुठला धरला? टिकली?"

आता नाही म्हणावं तर नंदाबाई विचारणार, मग कुठला. व्हय म्हणावं तर लेक समोर. निवृत्तीच्या घशात भाकरी अडकली आणि तो नुसताच खोकला. चंपानं त्या खोकल्याचा अर्थ लावला. तिचे डोळे भरले, खालचा ओठ लहानपणासारखा बाहेर आला आणि ती ताटावरच रडू लागली. येसूबाई उठली, आबा उठले, "आगं, न्हाई गं," असं सगळेच म्हणू लागले आणि नेमकं काय नाही ते कुणीच सांगेना.

"रडू नगस," नंदाबाई म्हणाली.

तिनं ताट बाजूला सारलं आणि चंपाच्या पाठीवर हात ठेवला. "अशा दिसांत रडत न्हाईत. तुझी टिकली हौदातच हाय. आत्ताच माझ्या डब्यापाशी आल्ती. हा मासा धरणाचा हाय. काल वडगावच्या बाजारात म्याच इकलाय."

निवृत्तीचा खोकला एकदम थांबला.

"तुमी?" निवृत्ती म्हणाला. "तुमी कधीपासनं बाजार कराया लागला?"

"सून माहेरी गेल्यापासनं. घर खायाला उठतं." नंदाबाईनं पदरानं चंपाचे डोळे पुसले. "एक डोंगराकडचा भाऊ आल्ता. लय साधा माणूस. समदं सांगितलं त्यानं. म्या कोण ते न्हाई सांगितलं त्याला."

"समदं?"

"समदं. मगर सुदिक."

निवृत्तीनं मान इतकी खाली घातली, की त्याचं नाक कालवणाला लागायचं राहिलं. तो म्हणाला, "इनबाई, माझं चुकलं. पोरगी न्यायची तर न्या. मी थापाच मारल्या. हितं मासा मिळायचा न्हाई तिला. हाय तो मारवत न्हाई."

चंपानं सासूचा हात धरला, पण तिकडं जाते असंही म्हणाली नाही आणि इथं राहते असंही म्हणाली नाही. येसूबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं लेकीसाठी शिवलेली बाळंतविड्याची दुपटी आतल्या दांडीवर वाळत होती. नंदाबाईला ती बसल्या जागेवरून दिसत होती.

"न्यायाला आलते, ते खरं," नंदाबाई शेवटी म्हणाली. "पिशवी सुदिक मोकळी आणलीया तिची कापडं भराया. पर काल त्यो माणूस सांगत हुता तवा बाजारात बसल्या बसल्या इचार केला. ज्या घरात माशाला सुरी लावाया चार माणसांचा हात उचलत न्हाई, तिथं माझ्या सुनंला काय व्हणार हाय? राहू दे हितंच."

येसूबाई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आल्यावर तिनं विहिणीच्या ताटात माशाचा सगळ्यांत मोठा तुकडा वाढला. नंदाबाईनं तो उचलून चंपाच्या ताटात ठेवला. चंपानं डोळे पुसले, खात्री करून घ्यायला म्हणून उठून हौदात डोकावून आली आणि मग महिन्याचा उपास सुटल्यासारखी जेवली.

जेवणं संपत असताना दारातून बारकू आला. "भाऊ, झाली का मगर..." असं म्हणत तो आत डोकावला आणि नंदाबाईला बघून उंबऱ्यातच थांबला.

"जेवली मगर," नंदाबाई म्हणाली. "या, बसा. मासा चांगला निघाला का, का बदलून देऊ?"

बारकू बसला नाही. त्यानं डबा उचलला आणि भाजीला पाणी घालत सुटला. चार डब्यांच्या पुढं किती गेले ते कुणी मोजलं नाही.

जाताना नंदाबाईनं मोकळ्या पिशवीत अळू आणि पुदिना भरून नेला. ठरलं असं, की दर बाजाराला ती धरणाचा मासा आणणार आणि बारकू तो चंपासाठी घेऊन येणार. पहिल्या बाजाराला मासा आला. दुसऱ्या बाजाराला आला. तिसऱ्या बाजाराला नंदाबाई स्वतःच आली. तिच्या काखेत एक मडकं होतं, त्याला ओलं फडकं बांधलेलं.

"हे काय?" निवृत्तीनं विचारलं.

नंदाबाई जरा ओशाळली. "जाळ्यात गावला. टोपलीत घालाया गेले तर माझ्याकडंच बघत बसला. तुमचं बघून हे असं झालंया. धंद्याला चांगलं न्हाई. तुमच्या हौदात ऱ्हाऊ दे ह्याला."

निवृत्तीनं फडकं सोडून पाहिलं. मासा हातभर लांब होता. हौदात आता एवढ्याला जागा नव्हती. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि त्याची नजर परसात, गोणपाटाच्या आडोशाकडं गेली. तिथं अंघोळीच्या पाण्याचं पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

"न्हाई," येसूबाई म्हणाली.

संध्याकाळी आबांनी तसबीर आणि मेणबत्ती उचलून पिंपाजवळ नेली.